मेर दिवसातून दोनदा सरकते

उम्म अल हस्सम, बहरीन
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

तीर्थस्वरूप हाशिमभाई यांच्या सेवेशी,

धाकटा चुलतभाऊ सिराज याचा सलाम पोचावा. (शाळेत गुरुजींनी पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार घालायला शिकवलं होतं, आणि मी तिथं सलाम लिहिला म्हणून वर्ग हसला होता. गुरुजी मात्र म्हणाले, बरोबर आहे, ज्याने त्याने आपापल्या रीतीने वाकावं. सातवीनंतर मी शाळा सोडली, त्यामुळे पत्राच्या बाबतीत माझं ज्ञान तिथवरच आहे. चूकभूल माफ असावी.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? नूरबानो भाबींचा मोतीबिंदू काढला असं कानावर आलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? चुलीपुढे बसू देऊ नका. धूर वाईट. माझी तब्येत अल्हमदुलिल्लाह ठीक आहे. साखर जरा वर आणि दाब जरा खाली, म्हणजे सरासरी बरोबर.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न उघडताच फळीवर टाकाल अशी भीती होती, म्हणून वरचा पत्ता नातीकडून इंग्रजीत लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहे तर वाचा. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर आधी कोणीतरी हॅलो म्हणावं लागतं, आणि आधी कोणी बोलायचं हाच तर आपल्यातला एकोणीस वर्षांचा प्रश्न आहे. पत्रात ती अडचण नाही. एकच माणूस बोलतो आणि दुसऱ्याला मध्येच तोडता येत नाही. (तुम्हाला ती सवय आहे, वाईट वाटून घेऊ नका.)

मेरेच्या त्या प्रकरणाबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. म्हणजे आपल्या दोघांच्या खालच्या खाचरांमधली मेर, जी मी एकोणीस वर्षांपूर्वी सुट्टीवर आलो असताना माझ्या टेपेने मोजली, माझं शेत रुंदीला नकाशापेक्षा एक फूट कमी भरलं, मी भर मोहल्ल्यात म्हणालो की हाशिमभाईंनी मेर सरकवली, आणि तुम्ही म्हणालात, "अरे दर्ज्या, ही जमीन हाय, झबला नाय!" आणि सगळे हसले. त्याबद्दल एक अक्षरही नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये हे आपण दोघे एकाच चटईवर बसून शिकलो. त्यानंतर आपण एकोणीस वर्षं धरला. मी दुकान बंद करून गावी येऊन राहिलो तेव्हा दोन वर्षं एकाच मोहल्ल्यात धरला. तुम्ही सकाळी बैलाला ज्या शिव्या घालायचा त्या मला असायच्या, हे मला कळायचं आणि बैलालाही कळायचं. माझी नसीमा गेली तेव्हा जनाज्याला पहिला खांदा तुम्ही दिलात. कब्रस्तानापर्यंत आपण खांद्याला खांदा लावून गेलो आणि तरी बोललो नाही. ते असो. मला फक्त एवढंच कळवायचं आहे की मी फ्रान्सला जाऊन आलो.

ते कसं घडलं ते सांगतो. एप्रिलमध्ये मी मुलाला, राहीलला, म्हटलं, बाबा, मला गावी सोडून ये. त्याने लॅपटॉपवरची मान न उचलता विचारलं, "अब्बा, गावात आता तुमचं आहे कोण?" वाईट मनाने नाही हो विचारलं. मुलगा सोन्यासारखा आहे. नसीमा गेल्यावर मला एकटं ठेवायला नको म्हणून स्वतः येऊन घेऊन आला, माझ्या गोळ्या दिवसांच्या डबीत भरून ठेवतो, मला ऊन लागू नये म्हणून मशिदीपर्यंतसुद्धा गाडीने सोडतो. (मशीद समोरच्या वळणावर आहे. गाडी वळवायला जो वेळ लागतो तेवढ्यात मी दोनदा जाऊन आलो असतो.) पण त्याने प्रश्न विचारला आणि मला उत्तर द्यायला नाव सापडेना. खरं सांगायचं तर सापडलं. पण ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचं नाव कोणत्या तोंडाने सांगायचं? मी उठून खिडकीशी गेलो. त्याला वाटलं अब्बा उदास आहेत, हवापालट पाहिजे. सूनबाई इरम फोनवर चार दिवस काहीतरी बघत होती. अशा रीतीने मी गाव मागितलं आणि मला फ्रान्स मिळाला.

हा प्रवास साधा नव्हे, कॅम्पिंगचा. म्हणजे घर असताना ते कुलूप लावून बंद करायचं आणि मुद्दाम दुसऱ्याच्या शेतात जाऊन झोपायचं. त्यासाठी ऑफिसातून रजा काढतात. आपण भाताच्या राखणीला मचाणावर झोपत होतो तेव्हा कोणी आपल्याला रजा दिली नव्हती आणि त्याला नावही ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, तंबूत साप येईल. राहील म्हणाला, तंबू नाही, गाडी आहे. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, गाडीतच मोरी. मग मला चुलीची काळजी लागली. झोपायच्या खोलीत गॅसची टाकी ठेवून कोणी शहाणा माणूस झोपेल का? सबंध प्रवासात मी त्या टाकीची कळ दिवसातून सहा वेळा बंद केली आणि इरमने सात वेळा उघडली.

पासपोर्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून मी निघायच्या आदल्या दिवशी चौघांच्या बनियनांना आतून खिसे शिवले आणि पासपोर्ट घालून वरून दुहेरी टीप मारली. शिलाई इतकी पक्की झाली की बहरीनच्याच विमानतळावर पहिल्या खिडकीवर पासपोर्ट मागितला तेव्हा तो निघेना, आणि कात्री सामानात गेलेली. माझे वरचे दात स्वतःचे नाहीत. शेवटी लाईबाने (ही नात, अकरा वर्षांची, मला दादा म्हणते, मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते) स्वतःच्या दातांनी चारही खिसे उसवले. मागे रांग वाढत गेली आणि राहील दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा असल्यासारखा लांब उभा राहिला. टेप मात्र गळ्यात होती. दुकान बंद होऊन सात वर्षं झाली तरी ती गळ्यात नसली तर मला उघडं वाटतं.

फ्रान्सचा मुलूख बघून मला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटेना. बहरीनमध्ये डोळ्याला हिरवं म्हणजे रस्त्याच्या मधली नळाच्या पाण्यावरची झाडं. तिथं नजर जाईल तिथपर्यंत शेतं, सूर्यफुलं माना खाली घालून उभी, गाई अशा की त्यांना आंघोळ घातल्यासारखं वाटावं. पण माणूस नाही. गावामागून गाव गेलं, दगडी घरं, खिडक्यांना निळी फळकुटं, दाराशी फुलं, आणि दारं बंद. एखादी म्हातारी खिडकी लोटून घेताना दिसायची, तेवढीच. मी राहीलला विचारलं, काय रे, इथलीपण सगळी बहरीनला गेली की काय? तो हसला. मी हसलो नाही. शेताशेतांच्या मध्ये त्यांनी झुडपं लावून मेरा केल्या आहेत. मी प्रत्येक मेर बघत होतो. मनात येत होतं, या झुडपाच्या दोन बाजूंची माणसं एकमेकांशी बोलतात का? (पण या विषयावर मी लिहिणार नाही असं म्हटलं आहे.)

दुसऱ्या दिवशी एका गावात सामान घ्यायला दुकानापाशी थांबायचं होतं. आवाराच्या तोंडाशी आडवी लोखंडी दांडी, तिच्यावर पाटी. इरमने गाडीचे कागद काढले आणि म्हणाली, "अब्बा, कागदावर गाडीची उंची दोन मीटर तेवीस आहे. पाटीवर दोन वीस आहे. नको."

मी म्हटलं, "कागदाचं काय सांगतेस? कागद तलाठ्याकडेपण असतो."

आणि टेप काढली. लाईबाने खालचं टोक धरलं, मी पायरीवर चढलो, दीड टेप लागली, आणि भरली दोन मीटर एकोणीस. राहील म्हणाला, "अब्बा, नक्की?" मी म्हणालो, "बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत या टेपेने चाळीस वर्षं माणसं मोजली. एकाही अरबाचा पायघोळ थोब आखूड झाला नाही. चल, यल्ला." राहील गुणी मुलगा, बापाचं ऐकणारा. त्याने गाडी घातली. डोक्यावर नारळ पडावा तसा आवाज झाला आणि छपरावरचं हवेचं झाकण मागे रस्त्यावर जाऊन बसलं. इरमने कागदाची घडी केली, फक्त जरा जास्त हळू केली. मी म्हटलं, ही दांडी खचली असणार, फ्रेंच लोकांचं लोखंड असंच. पुढचा सगळा प्रवास त्या भोकाला प्लास्टिकची पिशवी चिकटवून झाला आणि गाडी चालली की ती पिशवी माझ्या डोक्यावर फडफड करायची. मला ती काहीतरी सांगत होती, पण मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावर एक पाटी आली. लाईबा पुढे बसून पाट्या वाचायची. म्हणाली, "ला मेर! दादा, मेर मीन्स समुद्र!" मी तिला दोनदा वाचायला लावलं. हाशिमभाई, खोटं नाही सांगत, ते लोक समुद्राला मेर म्हणतात. तीन दिवस गाडी हाकून, झाकण फोडून, आम्ही मेरेवर चाललो होतो. मी तिला सांगितलं की आपल्याकडे मेर म्हणजे दोन शेतांमधला बांध, इकडे माझं, तिकडे दुसऱ्याचं. ती जरा वेळ बोटाने काच पुसत बसली आणि म्हणाली, "सो, आपल्या मेरच्या अदर साइडला कोण आहे?"

मी म्हटलं, "गाडी हळू चालव रे राहील." तो हळूच चालवत होता.

समुद्राजवळच्या मैदानात शंभर एक गाड्या दाटीने उभ्या होत्या. आमच्या शेजारी एक म्हातारा-म्हातारी होती, वय आपल्याएवढं, त्यांची गाडी आमच्याहून जुनी, पण तिचं झाकण जागेवर. तिथं एक अडचण झाली ती तुम्हालाच लिहिता येईल. शौचघर चकचकीत, पण आत पाण्याची सोय नाही, नुसता कागद. लोटा आणायला आम्ही विसरलो होतो. (राहील म्हणतो, अब्बांनी पासपोर्ट शिवण्यात वेळ घालवला.) मैदानातल्या दुकानात लोटा काय मिळणार? झाडांना पाणी घालायची हिरवी झारी मिळाली. मग काय, मी सकाळ-दुपार-संध्याकाळ झारी भरून मोठ्या इज्जतीने तिकडे चालत जायचो. शेजारच्या म्हाताऱ्याने दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या पायरीवर तुळशीसारख्या पाल्याची कुंडी ठेवलेली, आणि तो हात जोडल्यासारखं करून हसतोय. हा माणूस झाडांचा एवढा शौकीन आहे तर आपल्याही रोपाला पाणी घालील, असं त्याला वाटलं. मी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बायका कुंड्या घेऊन आल्या. इरम गाडीत तोंडात ओढणी कोंबून हसत होती. अशा रीतीने माझी ओळख झाली.

त्या म्हाताऱ्याशी मी खूप बोललो. त्याला मराठी येत नाही आणि मला फ्रेंच येत नाही, त्यामुळे मतभेद झाला नाही. इरमने सुका जवळा परतला तेव्हा मला वाटलं आता वासाची तक्रार येणार, तर तो ताटली घेऊन आला. बसला, खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणखी मागितलं. मला कोणाची तरी आठवण झाली. तुम्हालापण तिखट सोसत नाही आणि तरी सोडवत नाही.

आता समुद्राची गोष्ट. सकाळी आम्ही काठावर गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. खरंच नव्हता. मैलभर नुसता ओला चिखल, वाळू, काळे खडक, आणि समुद्राची एक चांदीची रेघ पार लांब. मी राहीलला म्हटलं, तीन दिवस गाडी चालवून आणलंस आणि हे दाखवलंस? म्हाताऱ्याने हाताने खूण करून सांगितलं: जातो, येतो, दिवसातून दोनदा. ओहोटी मला नवी नाही, पण एवढी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मग वारा फिरला आणि चिखलाचा वास आला. हाशिमभाई, बहरीनलाही चारी बाजूंनी समुद्र आहे, मी पंचेचाळीस वर्षं त्याच्या काठाने फिरतो, पण त्याला हा वास नाही. हा आपल्या खाडीचा वास होता, सुकतीचा, कालवांचा, कुजलेल्या पाल्याचा. मी तिथंच उभा राहिलो. राहीलने विचारलं, अब्बा, चक्कर येते का? मी हो म्हटलं. तेच सोपं होतं.

तेवढ्यात तो प्रकार झाला. शेजारची म्हातारी पिवळे रबरी बूट घालून पार पुढे खडकांवर गेली होती. तिने दोन्ही हात वर केले आणि आमच्या दिशेने ओरडली, "मूल! मूल!"

आता सांगा, आपल्या गावात पाण्याच्या काठी बाई "मूल, मूल" म्हणून ओरडली तर त्याचे किती अर्थ होतात? एकच. माझ्या पायांखालची वाळू सरकली. (खरोखरच सरकत होती, पण ते वेगळं.) मी विजार वर खोचली आणि धावत सुटलो. बहात्तराव्या वर्षी, साखर वर आणि दाब खाली असताना. पहिल्या पन्नास पावलांत उजवा बूट चिखलाने गिळला. मी थांबलो नाही, घसा फोडून ओरडत होतो, "राहील! मूल! मूल बुडतंय! अरे धावा, मूल!" मागे वळून बघतो तर सगळा किनारा माझ्यामागे धावतोय. बायका, बाप्ये, चष्म्यावाले, कुत्रीवाले. मला भरून आलं. म्हटलं परक्या मुलखात केवढी ही माणुसकी, एका लेकरासाठी सगळा गाव धावला. फक्त एक कळेना की प्रत्येकाच्या हातात बालदी कशाला?

खडकापाशी पोचलो तेव्हा म्हातारी शांतपणे उभी होती आणि आनंदाने खडकाकडे बोट दाखवत होती. खडक शिंपल्यांनी काळाकुट्ट. माझ्यामागचे सगळे मला ढकलून पुढे गेले आणि बालद्या भरायला लागले. लाईबा धापा टाकत आली आणि माझा हात धरून खाली बसली. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. "दादा... मूल... मूल मीन्स मसल्स!" आपण ज्यांना शिनाणे म्हणतो ना, ते. त्यांना तिकडे मूल म्हणतात. माझ्या ओरडण्याने लोकांना वाटलं की या परदेशी बाबाला शिंपल्यांची मोठी खाण सापडली. राहील पोचला तो पांढराफटक. आधी मला घट्ट धरलं, मग रागावला, मग माझा बूट शोधायला मागे गेला. तो मिळाला नाही. मेरेने ठेवून घेतला.

खडकावर टेकून श्वास घेताना मला हसू आलं, आणि हसता हसता ते कुठे गेलं कळलं नाही. नाव शिनाण्यांचं, पण कानाला आपल्या चिखलातले शिंपले, आपले मुळेच, वाटत होते. सुकतीला पाणी मागे गेलं की आपण खाडीत मुळे काढायला जायचो. मी हाताने चिखल उकरायचो आणि मला काही सापडायचं नाही. तुम्ही उभ्याउभ्या टाचेने शोधायचात. टाच जराशी रुतवायची, फिरवायची, आणि म्हणायचं, "हां, हितं हाय." मला शिकवलंत, पण माझ्या टाचेला अक्कल नव्हती. घरी जाताना पाणंदीच्या वळणावर तुम्ही थांबायचात आणि तुमच्या टोपलीतल्या चार ओंजळी माझ्या टोपलीत टाकायचात, माझ्या अम्मीने मला बोलू नये म्हणून. एकदाही त्याचा शब्द काढला नाहीत. मीपण काढला नाही. मला वाटायचं ते तसंच असतं.

म्हातारा आला आणि मला बालदी दिली. तिथं कायदा आहे, चार सेंटीमीटरपेक्षा लहान शिंपला घ्यायचा नाही, परत ठेवायचा. त्याच्याकडे त्यासाठी प्लास्टिकची खाचेची पट्टी होती. मी म्हटलं, पट्टी कशाला, दर्जी आहे मी. टेप काढली. मी एक शिंपला उचलला, मोजला, कमी भरला, परत ठेवला. म्हाताऱ्याने तोच उचलला, पट्टीत घातला, बरोबर भरला, बालदीत टाकला. मी दुसरा मोजला. कमी. त्याने मोजला. बरोबर. असं पाच-सहा वेळा झालं. मला राग आला. मनात म्हटलं, दिसायला सज्जन पण मापात लबाड. मग त्याने माझी टेप हातात घेतली, आपली पट्टी तिच्यावर ठेवली आणि मला दाखवली. त्याच्या चार सेंटीमीटरला माझी टेप चाराला एक बारीक रेघ कमी दाखवत होती. त्याने टेप दोन हातांत धरून जुन्या नाडीसारखी जराशी ताणून दाखवली आणि पोटभर हसला. माझ्या पाठीवर थाप मारली. लाईबा हसली, राहील हसला. राहील म्हणाला, "अब्बा, म्हणजे ती दांडी खचली नव्हती."

मी हसलो नाही. बालदीवर बसून राहिलो. समोरून पाणी परत यायला लागलं होतं. तिथं मेर दिवसातून दोनदा सरकते, मैलमैल सरकते, आणि त्यावरून कोणी कुणाशी बोलणं टाकत नाही.

पुढचं विशेष काही नाही. इरमने ते मूल आपल्या मसाल्यात शिजवले, म्हातारा-म्हातारी जेवायला आली. निघताना म्हाताऱ्याने त्याची पालेवाली कुंडी मला भेट दिली. विमानात नेऊ देतील की नाही या काळजीने मी ती दुसऱ्या गाडीवाल्याच्या पायरीवर ठेवली आणि त्याला झारी दिली. तो काय समजला असेल देव जाणे. सगळे सुखरूप परत आलो. इथं गर्मी फार आहे, खिडकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं, पण घरात एसी आहे, सगळं आहे. मी इथं पूर्ण खूश आहे, माझी अजिबात काळजी करू नये. भाबींना सलाम. मुलांना दुवा. बैलाला आता काय वय झालं असेल, असेल तर त्यालाही सलाम, त्याने माझ्या वाटच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्या.

तुमचा आज्ञाधारक (आता हसू नका),
सिराज

ता. क. — हे पत्र शेजारचा शहजाद सुट्टीवर गावी येतो आहे त्याच्या हाती दिलं आहे. सोबत डबा आहे. त्यात गुडघ्याला बाम, बदाम, भाबींना उन्हाचा काळा चष्मा. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली टेप आहे. ती चुकून आलेली नाही.

आणखी ता. क. — लिहिणार नाही म्हटलं होतं, तरी लिहितो. इथं आल्यावर नवी टेप आणली आणि जुनी तिच्याशेजारी जमिनीवर अंथरली. साठ इंचांत पुरा एक इंच सुटली आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ती अठ्ठावीस वर्षांची होती, तेव्हाच सुटलेली असणार. खालचं खाचर रुंदीला बारा टेपा आहे. बारा टेपांना बारा इंच. म्हणजे एक फूट. बरोबर तोच एक फूट, हाशिमभाई. तुम्ही मेर सरकवली नव्हती. मेर जागेवर होती, नकाशा बरोबर होता, माझी टेप सैल होती. आणि चाळीस वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण माणूसपण मी त्याच टेपेने मोजत होतो आणि कापडपण त्याच टेपेने. चूक चुकीत बसायची. थोब अंगावर बरोबर यायचा. शेत तेवढं मी शिवलेलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी म्हणालात तेच खरं. मोहल्ल्यात सगळ्यांसमोर मी बोललो होतो, तेव्हा हे पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवायला माझी हरकत नाही. फक्त झारीचा मजकूर वगळावा.

आणखी एक ता. क. — मी इथं पूर्ण खूश आहे असं वर लिहिलं आहे ते राहील वाचेल या भीतीने लिहिलं. त्याला मराठी वाचायला येत नाही हे नंतर लक्षात आलं. खरी गोष्ट अशी की तो पुन्हा विचारणार आहे, अब्बा, गावात तुमचं आहे कोण? यावेळी मला तुमचं नाव सांगायचं आहे. सांगू का? उत्तर लिहायचा त्रास घेऊ नका, तुम्हाला लिहायचा आळस आहे. टेप शहजादच्या हाती परत आली तर मी समजेन की नको, आणि मुलालाही पुन्हा विचारणार नाही. टेप ठेवून घेतलीत तर सांगेन. ठेवून घेतलीत तर तिने काही मोजू मात्र नका.

शेवटचं ता. क. — मेर तुम्ही म्हणाल तिथं. पण मेरेवरचा फणस माझ्या वडिलांच्या जन्माच्या साली लावलेला आहे, हे भाबीसुद्धा कबूल करतील, आणि त्यावर मी एक गरासुद्धा सोडणार नाही. ते पत्रात मिटायचं नाही. त्यासाठी तुमच्या पडवीवर समोरासमोर बसून, आवाज चढवून भांडावं लागेल, आणि तुम्हाला मला मध्येच तोडावं लागेल.